ढोल थांबले तेव्हा

धनगरी ढोल मधेच थांबवायची अक्कल माझीच. परवा कुठूनशी शिजत्या आमटीचा वास आला आणि कवठे येमाईची ती दुपार आठवली. आपले ढोल आणि विलायती पद्धतीची व्हायोलिनं गुंफून मी पहिलीच रचना केली होती, आणि ती मामाच्या गावात, देवळापुढं वाजणार होती. व्हायोलिनवाले पुण्याहून आणले होते. गाववाल्यांना हे पटेल का, याची मला धास्ती होती. ढोल असे घुमले की उधळलेला भंडारा खाली यायलाच तयार नव्हता. मग मी ऐटीत हात वर केला, ढोल गप्प झाले आणि व्हायोलिनचा हळवा सूर निघाला. सगळा गाव उभा राहिला! उठून दाद देतायत म्हणून मी फुगलो, तर लोक पाठ फिरवून मंडपाकडे पळाले. त्या गावात ढोल थांबले की पंगत बसते, हे मी साफ विसरलो होतो. शेवटी व्हायोलिनवालेही पत्रावळीवर बसले. आता त्या रचनेत ढोल अखेरपर्यंत घुमतात आणि लोक जागचे हलत नाहीत. पण तेव्हा मामा आमटी वाढता वाढता म्हणाले, "भाचेबुवा, चाल ब्येस हाय तुमची, पर तिच्यापायी आमटी गार करावी, इतकी काय न्हाई."