बस जिथे झोपते ते गाव

माझी ताई एकतीस वर्षं बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसली. डेपोतल्या लोकांनी तिचं नावच ‘चौकशी’ ठेवलं होतं आणि निवृत्तीनंतरही ते काही तिला सुटलं नाही. कुठली बस किती वाजता, कुठल्या फलाटावर, सगळं तोंडपाठ. मला माझ्या मुलांचे वाढदिवससुद्धा लिहून ठेवावे लागतात.

दोन वर्षांपूर्वी तिची नजर अधू व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद. तिच्या मुलाने त्याच आठवड्यात तिची गाडी विकून टाकली, तिला न विचारता. तेव्हापासून साधं पोस्टात जायचं तरी ‘सोडशील का रे?’ आलंच. एक दिवस तिने जाहीर केलं, की आम्ही दोघी बहिणी परदेशात जाणार. डोंगरात, आठ दिवस, आणि गाडीशिवाय.

“आई, तुला धड दिसत नाही आणि निघालीस परमुलखात?” भाचा उखडला.

“ज्याला दिसतं त्यानेच जग बघायचं, असं कुठे लिहिलंय? असलंच तर मला वाचून दाखव.”

शेवटी त्याने अट घातली. एकदा जरी ‘अडकलो, काहीतरी कर’ असा फोन आला, तर परतल्यावर एकटीने राहणं बंद, त्याच्या घरी यायचं. ताई म्हणाली, “कबूल.” आणि या पठ्ठ्याने आम्ही निघायच्या आधीच आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली! मला इतका संताप आला, की मी त्याच्याकडचा चहा अर्धा टाकून उठले.

मुक्काम कुठे करायचा यावरून पुन्हा जुंपली. भाच्याने तळ्याकाठचं गाव काढलं. खिडकीत फुलं, पाण्यात डोंगर, मी तर पाघळलेच. ताईने भिंग लावून बसचा नकाशा पालथा घातला आणि बोट ठेवलं ते खाली दरीतल्या एका रुक्ष गावावर. एक चौक, एक लाकडाची वखार आणि बस डेपो.

“बस रात्री जिथे झोपते, तिथे आपण राहायचं,” ती म्हणाली. “तळ्यावरून शेवटची बस चुकली तर तळं काय अंथरूण घालणार आहे?”

वेळापत्रक मी वाचून दाखवते म्हटलं तर तिने हात झटकला. एकतीस वर्षांत तिने कोणाकडून वेळापत्रक वाचून घेतलं नव्हतं.

पाच दिवस सगळं सुरळीत गेलं. सहाव्या दिवशी तळ्याकाठी गेलो. दिवसभर ताईचं अर्धं लक्ष रस्त्याकडे. बस गेली की पुटपुटायची, “वर एक... खाली एक...” मी म्हटलं, “ताई, तू निवृत्त झालीस. आता पाणी बघ.”

“पाणी कुठे जातंय?”

पाच वाजता थांब्यावर आलो. पाच चाळीसची शेवटची बस. सहा वाजले तरी पत्ता नाही. मी फलक वाचायला गेले. पाच चाळीसच्या शेजारी राईएवढी फुली होती आणि खाली इंग्रजीत खुलासा: फक्त शाळा चालू असताना. शाळांना तर सुट्टी होती.

ताई बाकावर बसली. तिचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. “चुकले मी,” ती म्हणाली. “ती फुली मला दिसलीच नाही. त्याचं खरंय म्हणजे.”

मला रडू आलं. मी पर्समधून फोन काढला.

“ठेव तो आत.” ती ताठ झाली होती. “आज वर किती बस गेल्या?”

“मला काय माहीत!”

“सहा. खाली आल्या पाच. वरच्या खेड्यापुढे रस्ता नाही आणि डेपो एकच आहे. सहावी बस काही डोंगरावर झोपणार नाही.”

वीस मिनिटांनी वळणावरून बस आली. पाटी बंद, आत चिटपाखरू नाही. ताई थांब्याच्या कडेला उभी राहिली आणि हात वर केला. विनवणीचा नाही, तपासनीस करतो तसा. चालकबाईने बस थांबवली खरी, पण मान हलवली, बंद पाटीकडे बोट दाखवलं. ताईने बसकडे बोट केलं, मग खाली दरीकडे, आणि तळहातावर गाल टेकून डोळे मिटले.

चालकबाई खो खो हसली. दार उघडलं.

चाळीस आसनांच्या बसमध्ये आम्ही दोघीच. ताई सगळ्यात पुढे बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“आई, ठीक आहात ना? अडकला नाहीत ना?”

मी खुणावत होते, बोलू नकोस. पण ती खोटं बोलणार होय?

“शेवटची बस चुकली. चूक माझीच, डोळ्यांना दिसलं नाही. आता डेपोच्या बसने मुक्कामाला चाललोय.” मग आवाज चढवून म्हणाली, “आणि नीट लक्षात ठेव, फोन तू केलायस. मी नाही.”

“बरं,” भाचा म्हणाला.

“आणि ती रंगवलेली खोली रिकामी ठेवू नकोस. आमच्या बॅगा ठेवू तिथे. पुढच्या वर्षी लागतीलच.”