सगळ्यांचे ओटीपी भावनाकडे

जुलै लागला की भावना आणि तिचा फोन, दोघंही जागेवर ठरत नाहीत. बडनेरा रोडवरच्या आमच्या गाळ्यात अर्ध्या भागात माझं झेरॉक्सचं मशीन, अर्ध्यात तिचं टेबल. ती लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते. मास्तर, नर्सबाई, एसटीतले, पेन्शनवाले. मोबाईल नंबर विचारला की जो तो म्हणणार, "तुहाच टाक ना माय, आमाले त्यातलं काय समजते!" म्हणून सगळ्यांचे ओटीपी तिच्याच फोनवर. फोन वाजला की ही उठते, बसते, पुन्हा उठते. माझं डोकं उठतं. ज्याचा त्याचा नंबर टाक, हे सांगून मी थकलो. ऐकेल तर शपथ!

यंदा फोन कमी वाजत होता, आणि ती जास्तच सैरभैर होती. राजापेठेत कुलदीप नावाच्या एकानं दुकान थाटलं होतं. ज्यानं जन्मात कोणाला दमडी दिली नाही, त्याच्या नावावरही तो देणगी दाखवायचा आणि रिफंड काढून द्यायचा. लोक तिकडे पळाले. उरलेले विचारायचे, "त्याले जमते, मंग तुले काहून जमत नाई?"

"न दिलेली देणगी मी लिवत नाई," ती म्हणायची. लोक कागद काखोटीला मारून उठायचे. मला राग यायचा. लोकांचा की हिचा, हे मात्र ठरत नव्हतं, कारण गाळ्याचं भाडं आम्ही दोघं मिळून भरतो.

तिचे वडील देवमन मास्तर चांदूर बाजारला शाळेवर होते, आता निवृत्त. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या टोळीत रोज रिफंडाच्याच गप्पा. "मास्तर, पोरगी घरची, आन् तुमालेच काई नाई?" असं कोणीतरी बोललं आणि ते त्यांना लागलं. भावनानं रिटर्नचे कागद मागितले की "पाहू" म्हणायचे.

"चाचा, बाबा कुलदीपकडं तं नाई जाणार ना?" तिनं मला विचारलं.

"वेडी हायेस का!" मी म्हटलं. पण छाती ठोकून सांगावं असं मलाही वाटत नव्हतं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी तिचा फोन वाजला. मेसेज वाचून तिचा चेहरा उतरला. मास्तरांच्या इन्कम टॅक्सच्या खात्याचा पासवर्ड कोणीतरी बदलत होतं, आणि त्याचा ओटीपी तिच्याकडे आला होता. पाठोपाठ मास्तरांचाच फोन. तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"भावना, तुह्या फोनवर नंबर आला असन. सांग बरं."

"कुठी हा तुमी, बाबा?"

"ब्यांकेत हावो."

मागून कोणीतरी म्हणालं, "लवकर करा मास्तर, लाईन लागून हाय कुलदीपभाऊकडं."

नंबर तिच्या डोळ्यांसमोर होता. सांगावा, तर बापाच्या नावावर खोटा कागद जाणार. न सांगावा, तर बाप चारचौघांत तोंडघशी पडणार. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदांचा गठ्ठा सारखा करायला लागलो.

"नाई आला, बाबा," ती म्हणाली.

"नीट पाह्य ना."

"नाई आला म्हटलं ना!"

फोन बंद झाला. नंतर तिला बसवेना. रस्त्यावर जायची, परत यायची, एकाचं रिटर्न उघडायची, अर्धवट सोडायची. "चाचा, शोभा झाली असन त्याईची," एवढंच पुन्हापुन्हा. मला तिची फार दया आली.

संध्याकाळी मास्तर आले. लेकीकडे गेले नाहीत; बाकावर एका नर्सबाईंच्या मागे, गिऱ्हाईकासारखे बसून राहिले. पाळी आल्यावर त्यांनी कागदांची पिशवी टेबलावर ठेवली.

"माहं भर. जे हाय तेच लिव."

"बाबा, तठी लोकं काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगी मुद्दाम नंबर देऊन नाई राहिली. मी म्हटलं, माही पोरगी खोटं बोलत नाई. नाई आला म्हणते, म्हंजे नाई आला. आन् उठलो."

भावनाचे डोळे भरून आले. "आला व्हता, बाबा."

"मले माईत हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून आपला फोन काढून तिच्यापुढे ठेवला. "आता अठी माहाच नंबर टाक. माह्यासाठी तुले पुन्हा खोटं बोला लागू नये."