वर धरायला माणूस

पतंगी कागद तळहातावर ठेवून काका कडेखालून हळूच फुंकर मारायचे. कागद चटकन उचलला गेला तर घ्यायचे, नाहीतर म्हणायचे, "जड आहे रे."

मुलुंडला माझं कागदाचं दुकान आहे. फुटपाथवर गोणपाट अंथरून सुरुवात केली, भाव करण्यात कुणाला हार गेलो नाही. काकांनी कधी भावच केला नाही. भर गिऱ्हाइकांत माझ्या मालाला जड मात्र म्हटलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

ते समोरच्या इमारतीत राहायचे. कारखान्यात बॉयलरवर नोकरी झालेली. थंडीतल्या रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये पुरुषभर उंचीचा कागदी फुगा सोडायचे. आग खालीच, स्टोव्हवर पत्र्याचं धुराडं. फुग्यात जायची ती नुसती गरम हवा. दोऱ्याला बांधलेला फुगा दोन मजले चढायचा आणि निवला की खाली यायचा. तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल.

"गरम हवा वर जाते, त्यात काय मोठंसं?" मी एकदा म्हटलं.

"आपली आपण नाही जात रे. भोवतालची थंड हवा जड, ती खाली घुसते आणि हिला वर ढकलते."

फुगा भरेपर्यंत कुणीतरी स्टुलावर उभं राहून त्याचा शेंडा धरावा लागतो. ते काम काकूंचं. काकू गेल्या, त्या डिसेंबरात काका दुकानात आले.

"रविवारी येशील? वर धरायला माणूस नाही."

"येतो. आधी या चौघांसमोर सांगा, कागद हलका आहे म्हणून."

काकांनी फुंकर मारून पाहिली. "चांगला आहे. पण जड आहे रे."

"मग धरा तुमचे तुम्ही."

त्या थंडीतच काका गेले. एक शब्द खोटं बोलले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं, हा राग अजून आहे. पण तो रविवारही आहे.

त्यांनी शेंडा कपड्यांच्या दोरीला बांधला होता. फुगा भरला, टम्म होऊन दोरी वर ताणू लागला. आता गाठ सोडायची, तर दोन्ही हात खाली फुग्याच्या तोंडाशी. स्टुलावर चढेपर्यंत हवा निवली, कागद खांद्यावर ओघळला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं.

मी वळून गिऱ्हाइकाशी बोलू लागलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.