नानांची राखण

देवपूरच्या आमच्या कॉलेजात नानांना स्वतःच्या स्टुलावर बसलेलं मी क्वचितच पाहिलं. नाना इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेचे सहायक. पण शिपाई रजेवर असला की घंटा तेच देत, ग्रंथपाल चहाला गेले की पुस्तकंही तेच देत. विचारलं तर म्हणत, "ती जागा उघडी पडेल शे ना, माय."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी भलताच प्रकल्प अंगावर घेतला. खेळण्यातल्या आठ बॅटरीच्या गाड्या, प्रत्येकीवर मायक्रोफोनचा डबा. मैदानात कुठेही थाळी वाजली की जवळच्या डब्यानं ती ऐकून बिनतारी संदेश पाठवायचा आणि प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर ठिपका उमटायचा. परीक्षक एक डबा बंद करणार. बाकीच्या गाड्यांनी आपणहून सरकून ती जागा सांभाळायची. नापास झालीस तर बाडबिस्तरा बांधून घरी ये, असं वडिलांनी मला बजावलं होतं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी डबा बंद करून पाहिला, तर शेजारच्या तिन्ही गाड्या एकदम धावल्या आणि एकमेकींवर आदळून उलथ्या पडल्या. एक जागा भरली, तीन उघड्या पडल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि सगळ्याच एका जागी पळाल्या म्हणून नाना पोट धरून हसत होते.

"बठ्ठा तठेच पयनात! मंग बाकीनं वावर कोन राखी?"

नानांचं लहानपण ज्वारीवरची पाखरं हाकण्यात गेलेलं. वावरभर भावंडं उभी; एक भाकरीला गेला की कुणी सरकायचं, हे त्यांच्या आईनं ठरवून दिलेलं. नानांनी आम्हाला भर उन्हात मैदानात उभं केलं, बंद डबा म्हणून एकेकाला खाली बसवलं आणि बाकीच्यांना पाखरं हाकल्यासारख्या आरोळ्या ठोकायला लावल्या. सगळं कॉलेज खिडक्यांतून बघत होतं.

"ज्यानी जागा बाकीना राखतस, त्यानीच जानं. दुसरानी हालानं नही."

आम्ही प्रोग्राममध्ये तेवढंच घातलं: जिची जागा बाकीच्या गाड्यांना आधीच ऐकू येते, तिनंच सरकायचं; इतरांनी हलायचं नाही.

परीक्षेला बाहेरगावच्या सरांनी मधलाच डबा बंद केला. एकच गाडी ठेचकाळत निघाली नि जागेवर जाऊन थांबली. सरांनी मैदानभर फिरून थाळी बडवली. दर वेळी ठिपका उमटला. "हा नियम कुठे वाचलात?" त्यांनी विचारलं. ज्वारीच्या वावरातला म्हणावं तर हसतील, अशी धास्ती वाटली. तरी मी खरं तेच सांगितलं. त्यांनी नानांना बोलावून शेजारी बसवलं.

"पण कुणाचीच जागा दुसरा राखत नसेल तर?"

"मंग एक कोपरा सोडी देवाना, साहेब. पाखरे खातीन. त्यास्लेबी पोट शे."

सर खो खो हसले. मग आमचा अहवाल चाळून म्हणाले, "यात यांचं नाव कुठे आहे?"

"मन्हं नाव कसाले?" नाना संकोचले.

मी पेन उघडलं आणि थबकले. चार वर्षं ज्यांना नाना म्हणत आलो, त्यांचं पूर्ण नाव चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. खाली मान घालून मी ते विचारलं.

"वेडू राघो माळी," ते म्हणाले, आणि मी ते आम्हा चौघांच्या वर, पहिल्या ओळीत लिहिलं.