पांढरी दुपार, भाग दुसरा

कुंदाताईंची आयुष्यात एकच तबकडी निघाली, आणि तीही त्यांच्या नावाशिवाय. मधल्या गोल कागदावर एवढंच छापलेलं : 'पांढरी दुपार, भाग पहिला. वाद्यवृंद, अमरावती.' उलट्या बाजूला 'भाग दुसरा'.

अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. शाळा सुटली की मोरोपंत वकिलांच्या दिवाणखान्यात चौघं जमत. मोरोपंत क्लॅरिनेट वाजवत, शेषराव तबला, हेमचंद्र दिलरुबा आणि कुंदाताई जलतरंग. गाणं नाही, ओळखीचा राग नाही. मोरोपंतांनी कापसाच्या हंगामातली इथली दुपार सुरांत बसवली होती. जिनिंगची घरघर, गाड्यांची रांग, हवेत तरंगणारे पुंजके. चौपन्न साली मुंबईला जाऊन चौघांनी ती ध्वनिमुद्रित केली. एका बाजूत मावेना म्हणून दोन भाग झाले. पहिल्यात सगळे होते. दुसरा एकट्या कुंदाताईंचा. गाड्या निघून गेल्यावर आवारात उरते ती शांतता.

तो दुसरा भाग कुणी कधी ऐकलाच नाही.

लोक पहिली बाजू लावत, मान डोलवत, मग हळूच बोलू लागत. शेजारच्या माणिकबाईंनी तर विचारलं होतं, "आता गाणं केव्हा सुरू होईल हो?" बाजू संपत आली की कुंदाताई खुर्चीच्या कडेला सरकत, तबकडी उलटायला हात पुढे करत. पण तोवर "छान, वेगळंच आहे" असं म्हणून कुणीतरी ग्रामोफोनचं झाकण लावलेलं असे. 'अजून माझं राहिलंय' असं तोंड उघडून सांगणं त्यांना कधी जमलं नाही.

मोरोपंत गेले. हेमचंद्रांची बदली जबलपूरला झाली; निरोपाला ते आले, दारातच उभे राहिले, आणि चहा न घेता गेले. शेषरावांनी तबला भाच्याला देऊन टाकला. कुंदाताईंच्या भाड्याच्या खोलीत ग्रामोफोन नव्हता. तबकडी ट्रंकेत पातळांच्या घड्यांमध्ये राहिली. जलतरंगाच्या वाट्या मात्र एकेक करून स्वयंपाकात आल्या. एकीत मीठ, एकीत विरजण.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात अकोल्याला भाची विमलचं लग्न निघालं. लाउडस्पीकर येणार म्हटल्यावर कुंदाताईंनी तबकडी सोबत घेतली आणि भावाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोपाळ, जेवणाच्या वेळी एवढी लाव. दोन्ही बाजू."

"लावू की ताई! घरचंच कार्य आहे."

पंगत बसली आणि भोंग्यातून 'पांढरी दुपार' सुरू झाली. वाढता वाढता कुंदाताईंचा हात थांबला. एवढ्यात वरपक्षाकडून कुणीतरी ओरडलं, "अहो, मशीन बिघडली काय? की आतमध्ये भांडी घासून राहिले?" सगळी पंगत हसली. लीलावहिनी लगबगीनं आल्या. "वन्सं, राग नका मानू. व्याही बसले आहेत ना. उद्या निवांत ऐकू आपण." सुई अर्ध्यातच उचलली गेली आणि सिनेमातलं गाणं लागलं. कुंदाताई जिलबीचं ताट घेऊन पुढच्या पंक्तीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेलं. घरात सगळे आडवे झाले होते. उद्या निवांत म्हणणाऱ्या वहिनी तर घोरत होत्या. लाउडस्पीकरवाला चंद्रभान तेवढा मांडवात वायरी गुंडाळत होता.

"चंद्रभान, माझी तबकडी राहिली."

"हे घ्या जी. काल अर्ध्यातच काढा लागली. तुमाले वाईट वाटलं असन."

कुंदाताईंनी तबकडी घेतली, आणि घेता घेता परत त्याच्यापुढे धरली. "उलटी बाजू लावाल? एकदाच."

त्यानं बिडी कानावर खोचली आणि सुई टेकवली. रिकाम्या मांडवात वाट्यांचे सूर उतरले. विस्कटलेल्या पत्रावळी, आडव्या पडलेल्या खुर्च्या, आणि वर भोंग्यात नऊ वर्षांपूर्वीचे कुंदाताईंचे हात. चंद्रभान उकिडवा बसून शेवटापर्यंत ऐकत राहिला. त्यानं झाकण लावलं नाही.

"चांगलं हाये जी," तो म्हणाला. "पण लय एकटं वाटते. बाकीचे कुठी गेले?"

कुंदाताईंनी तबकडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पहिल्या बाजूवर आहेत."

"मंग तेही लावू ना!"

पहिली बाजू सुरू झाली. आज कुंदाताई सरकून बसल्या नाहीत. उलटायचं काही राहिलं नव्हतं. त्या टेकून ऐकत राहिल्या. मोरोपंतांचा लांबलेला श्वास, शेषरावांची घाई, त्या घाईला दिलरुब्यानं हलकेच मागे ओढणं. शेवटचा सूर विरला, नुसती खरखर उरली, आणि त्या खरखरीत एक बारीक, अगदी जवळचा आवाज आला.

"हं."

चंद्रभाननं वर पाहिलं. "कोनी बोललं काय जी?"

हेमचंद्र. आता तुझी पाळी, असं सांगताना ते नेहमी एवढंच म्हणत. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा विझायच्या आत बोलून गेले असतील. लोकांच्या घरातल्या लहान ग्रामोफोनवर ते कधी ऐकू आलं नव्हतं. आणि तेवढ्या वेळात कुंदाताईंचा हात तबकडी उलटायला निघालेला असे.

"हो," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले."

चंद्रभान तबकडी उलटायला वाकला. कुंदाताईंनी त्याचा हात थांबवला.

"नको. हीच परत लावा."