होय महाराजा
नारळ फुटून पाण्याचा गोड वास आला, की मला चुलत्यांच्या घराचा लिलाव आठवतो. ते गेल्यावर भाऊबंदांत वाटणी जमेना, म्हणून कोर्टाने रत्नागिरीजवळचं ते घर लिलावात काढलं होतं. काकूला तिचा हिस्सा मिळणार होता, पण तिला मागची खोली सोडायची नव्हती. घेणारा तिला बाहेर काढील, अशी मला धास्ती होती. कागदपत्रं मी क्रमाने लावून आणली होती. त्यांत त्या खोलीबद्दल एक ओळही नव्हती. जांभ्याच्या तापलेल्या अंगणात बेलीफ बोली पुकारणार, तोच काकू नारळ घेऊन पुढे आली. "देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय घर देतात काय?" एक दीर पुटपुटला, "बायका कधी गाऱ्हाणं घालतात काय?" "मग तू घाल!" असं म्हणून तिने डोळे मिटले. "बा देवा महाराजा, हे घर जो घेईल त्याचं भलं कर!" "होय महाराजा!" गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला असा होकार द्यायच्या सवयीने सगळे ओरडले. "आणि मागच्या खोलीतल्या म्हातारीला ती असेपर्यंत त्याने हलवू नये!" "होय महाराजा!" काकूने नारळ फोडला. ज्या मुंबईकराने शेवटी घर घेतलं, तोही त्यांच्यात ओरडला होता. आपण काय बोलून बसलो ते उमगून त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. काकू अजून तिथेच राहते. हे लेखी करून घ्यावं, असं मला सारखं वाटतं. पण कागद पुढे केला, की तो आधी वकिलाला दाखवील, या भीतीने मी अजून विषय काढलेला नाही.