रोबोटच्या छातीतला माणूस

राग माझ्या नाकावर असतो, हे सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. पण त्या सोमवारी मी चिडलो ते काही चुकीचं नव्हतं. इच्छापोरच्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या साहेबांनी आम्हा चार क्रेन ऑपरेटरांना बोलावलं आणि सांगितलं, की शेडमधल्या क्रेनच्या केबिनी काढून टाकायच्या आहेत. यापुढे ऑपरेटर खाली जमिनीवर उभा राहणार, पोटाला रिमोट बांधणार आणि बटणं दाबणार. ज्याला शिकायचं असेल त्याने शनिवारपर्यंत नाव द्यावं, ज्याला नसेल त्याची बदली पॅकिंगमध्ये.

तिघांनी तिथल्या तिथे नावं दिली. मी म्हटलं, "साहेब, बावीस वर्षं मी वर बसून क्रेन चालवतोय. रिमोटने टीव्ही चालवतात."

साहेब गुजराती, स्वभावाने थंड. म्हणाले, "काका, शनिवार सुधी विचारी लो." मला त्यांचा तो थंडपणाच जास्त झोंबला.

आता क्रेनची केबिन म्हणजे काय, ते सांगतो. शेडच्या छपराखाली दोन्ही बाजूंना रूळ असतात, त्यावरून क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते. तिला खाली एक पत्र्याची खोली लटकवलेली असते, आमच्या न्हाणीघराएवढी. उभी लोखंडी शिडी चढून तिथे जायचं. आत एक खुर्ची, दोन्ही हातांना दांडे, आणि पायाखाली घंटेचं पेडल. क्रेन हलवण्याआधी पाय आपटून घंटा वाजवायची, म्हणजे खालची माणसं बाजूला होतात. खाली माझा सिग्नलवाला उभा. तो ओडिशाचा, मी खानदेशचा. त्याचं मराठी शून्य, माझं उडिया त्याहून शून्य, आणि शेडमध्ये आवाज इतका की दोघांचं मोडकंतोडकं हिंदीही वरपर्यंत पोचत नाही. सगळं काम हातांवर. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. मूठ दाखवली की जागच्या जागी थांब. मग वर कुणाचा बाप मेला तरी थांबायचं.

ही खोड घरीही आली. जेवताना मी बोट वर फिरवलं की बायको भाकरी वाढते, मूठ दाखवली की बस. आमची मुलगी बोलायला लागण्याआधी मूठ दाखवायला शिकली होती. दूध नको असलं की मूठ!

तर त्या सोमवारी मी घरी आलो तो घुश्शातच. कारखान्यातलं घरी काही सांगितलं नाही. मुलगी पलंगावर लोळत फोनवर गेम खेळत होती. एकोणीस वर्षांची घोडी, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, आणि खेळते काय, तर सहा मजली लोखंडी राक्षस! हातात तोफा, पाठीला रॉकेट. त्याच्या छातीचं झाकण उघडतं आणि आत एक माणूस बसून त्याला चालवतो.

"पप्पा, शुक्रवारी माझा सेमिनार आहे," ती म्हणाली. "विषय हाच. असा रोबोट खरोखर बनू शकतो का? मला एका ऑपरेटरची मुलाखत पाहिजे."

"कुठल्या ऑपरेटरची?"

"मी असे किती ऑपरेटर ओळखते?"

मी फोन हातात घेतला. तो राक्षस एका इमारतीवर लाथ घालत होता. दिवसभराचा राग कुठेतरी काढायचाच होता, तो मी त्याच्यावर काढला.

"हा आत चढतो कुठून? शिडी कुठाय?"

"उडी मारून जातो."

"सहा मजले? बरं. गुडघ्यातलं तेल गळायला लागलं की पुसतं कोण? ग्रीस कोण भरतं? आमच्या क्रेनला दर आठवड्याला ग्रीस लागतं, आणि तिला गुडघे नाहीत!"

ती वही काढून लिहायला लागली. कुणी आपलं बोलणं लिहून घेतंय म्हटल्यावर माणूस जरा फुगतोच. मी फुगलो.

मंगळवारी जेवणानंतर तिने हिशेब मांडला. माणसाची उंची दहापट केली, की वजन हजारपट होतं, पण तळपाय शंभरपटच वाढतो. "तुमचे ऐंशी किलो, म्हणजे त्याचे ऐंशी टन. तेही हाडामांसाचे धरून. लोखंडाचा तर विचारूच नका."

"आणि चालताना एक पाय हवेत," मी म्हटलं. "म्हणजे सगळं ओझं एकाच तळव्यावर. आपल्या सुरतेच्या काळ्या मातीत? मेला तो!"

मग मी तिला पलसाण्याचा किस्सा सांगितला. तिथल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात टाकी बसवायला रस्त्यावरची मोठी क्रेन आणली होती, मी मदतीला गेलो होतो. क्रेनच्या पायांखाली लाकडी स्लीपर घालायला सांगितलं, तर तिथला मुकादम म्हणाला, कशाला, जमीन कडक आहे. टाकी उचलली आणि क्रेनचा मागचा पाय हळूहळू जमिनीत जाऊ लागला. शेवटी क्रेन बैल बसावा तशी बसली. टाकी कंपाउंडच्या भिंतीवर. माणसं वाचली, मुकादमाची बोलती बंद झाली.

"म्हणजे रोबोटने प्रत्येक पावलाला स्लीपर घालायचे," मुलगी लिहिता लिहिता म्हणाली.

"आणि ते घालायला पुढे चार बिहारी धावत ठेवायचे. लढाई कधी करणार?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही मजा येऊ लागली होती. शनिवार जवळ येतोय, हे मी तेवढ्या वेळापुरतं विसरायचो.

बुधवारी मात्र जरा जास्तच झालं. मुद्दा होता हेलकाव्यांचा. आपण चालतो तेव्हा छाती वर-खाली चार बोटं होते. दहापट उंच राक्षसाची हातभर होणार, आणि दर पावलाला. हे तिला कळेना. मी म्हटलं, थांब, दाखवतो. पलंगावर स्टूल ठेवलं, स्टुलावर मुलीला बसवलं, तिच्या हातात चहाचा कप दिला, आणि पलंगाचा पाय धरून उचलून आपटायला लागलो. "हं, चाल! धप्प! आता मार तोफ! धप्प!"

तिसऱ्या पावलाला चहा चादरीवर, पाचव्याला मुलगी गादीवर आणि स्टूल माझ्या पायावर. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. नवीन चादर तिने कानबाईच्या सणाला काढायची म्हणून जपली होती आणि जुनी धुवायला टाकली म्हणून नेमकी त्या दिवशीच अंथरली होती. तिला राग आला की तिची अहिराणी सुटते.

"तुम्हनं डोकं फिरनं का?"

"विज्ञान चाललंय," मी म्हटलं.

"इज्ञान बाहेर जाईसन करा!"

आम्ही दोघं ओसरीत जाऊन बसलो. मी पाय चोळत होतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, वर बसल्यावर लघवीला लागली तर?"

"नाही लागत."

"का?"

"सकाळी नऊनंतर पाणीच प्यायचं नाही. शिडी उतरा, जा, परत चढा, तोवर खाली सगळे घड्याळ बघत उभे. त्यापेक्षा नको ते पाणी."

तिने तेही लिहून घेतलं. हे लिहिण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो. म्हटलं, या राक्षसात बसलेल्याला स्वतःचे पाय दिसतात का? नाही. छातीतून खाली पोटच दिसणार. म्हणजे याला खाली सिग्नलवाला पाहिजे. ऐंशी टनाच्या पायाशेजारी उभं राहून बोट फिरवणारा. तो कुठून आणणार? माझ्यासारखं नशीब सगळ्यांचं नसतं.

मुलीने पेन खाली ठेवलं. "मग आत माणूस कशाला, पप्पा? बाहेर उभं राहून चालवला तर? त्याला सगळं दिसेल. हलणार नाही, पडणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "माणूस आत नसला तर ती मशीन कुणाची? खेळणं ते! तूही त्या साहेबासारखीच बोलायला लागलीस!"

"कुठल्या साहेबासारखी?"

आता काय लपवणार? सगळं सांगावं लागलं. केबिनी जाणार, शनिवारपर्यंत नाव, नाहीतर पॅकिंग. आणि मी नाव देणार नाही. बावीस वर्षं मी वर बसलो, सगळी शेड माझ्याकडे मान वर करून बघते, आणि आता पोटाला डबा बांधून खाली पोरासोरांत उभा राहू? त्यापेक्षा खोके चिकटवीन.

बायको दारात उभी होती. चादर विसरली. "मंग माले सांगं काबर नही?" एवढंच म्हणाली. पॅकिंगमध्ये पगार कमी, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मुलगी उठली. वही मिटून आत गेली. मला वाटलं, रुसली.

शुक्रवारी तिने मला कॉलेजात बोलावलं. कुणी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला जाणकार पाहिजे म्हणे. मी अर्धी रजा टाकली, लग्नाकार्यातला शर्ट घातला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. समोर दोन सर, चाळीस-पन्नास मुलं.

ती गुजरातीत बोलत होती, मी मराठीत सांगतो. तळव्याचा हिशेब सांगितला, पलसाण्याची क्रेन सांगितली. मुलं हसली. चादरीचा किस्सा सांगितला, सरही हसले. माझी छाती फुगून शर्टाची बटणं ताणली. मग ती म्हणाली, "आता आत बसणाऱ्या माणसाविषयी."

आणि भर वर्गात कार्टी म्हणाली, "मी ज्या ऑपरेटरची मुलाखत घेतली, ते नऊनंतर पाणी पीत नाहीत. त्यांना दोनदा मुतखडा झाला आहे."

चाळीस-पन्नास माना मागे वळल्या. मला वाटलं, बाकाखाली शिरावं. आणि हे काहीच नव्हतं.

"मागच्या मेमध्ये," ती म्हणाली, "वर केबिनमध्ये त्यांना चक्कर आली. सिग्नलवाल्याने वर चढून, त्यांना कमरेला धरून शिडीवरून उतरवलं. घरी त्यांनी सांगितलं, गॅस झाला."

हे तिला कुणी सांगितलं? मी तर नाही. मग आठवलं, त्या संध्याकाळी मी झोपलो होतो तेव्हा सिग्नलवाला शहाळं घेऊन दारात आला होता. त्याला मराठी येत नाही, हिंदीही मोडकंच. त्याने दारात उभं राहून हातांनी सांगितलं असणार. वर बोट, गरगरणारं डोकं, शिडी, आणि खाली फिरणारं बोट. त्याची भाषा आमच्या घरात लहान पोरालाही कळायची. माझीच शिकवण.

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. ती म्हणाली, "गेममध्ये आतला माणूस मेला की बटण दाबायचं, दुसरा येतो. आमच्या घरी..." तिने वही मिटली. "आमच्या घरी एकच आहे."

माझा हात आपोआप वर गेला. मूठ. बस, पोरी, बस, आणखी बोललीस तर मी इथेच रडेन. आणि ती खरंच जागच्या जागी थांबली. अर्ध्या सेमिनारात. जाऊन बाकावर बसली.

सर गोंधळले. "बेन, पण निष्कर्ष? निष्कर्ष तर सांगा."

ती उभी राहिली. सरांकडे नाही, मागे माझ्याकडे बघू लागली. सगळा वर्ग वाट बघतोय, ती वाट बघतेय, मी शेवटच्या बाकावर. तिला काय पाहिजे ते मला समजत होतं. बावीस वर्षं मी उतरवण्याचा सिग्नल घेत आलो होतो, कुणाला दिला नव्हता. मी हात लांब केला, बोट खाली केलं आणि हळूहळू गोल फिरवलं.

तिने नाक पुसलं. "सर, निष्कर्ष असा, की माणूस खाली उतरवावा."

शनिवारी मी नाव दिलं. साहेबांनी नुसतं यादीत लिहून घेतलं, हे त्यांचे उपकार.

सोमवारी पोटाला रिमोट बांधून शेडमध्ये उभा राहिलो. वर माझी केबिन अजून लटकत होती, रिकामी. तिच्याकडे बघायचं नाही, असं ठरवून आलो होतो, तरी तीनदा बघितलं. मग क्रेन हलवायची म्हणून सवयीने धाडकन पाय आपटला. घंटा कुठली वाजणार, खाली साधी फरशी! चहा घेऊन येणारा माणूस दचकला. पुन्हा हलवायची वेळ आली, पुन्हा पाय आपटला. रिमोट शिकवायला आलेला पोरगा म्हणाला, "काका, नाचताय काय?" सगळी शेड हसली. आणि माझा सिग्नलवाला, तो तर माझ्याहून वरचढ. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून, माझ्या नाकासमोर बोट धरून गोल फिरवत होता. मी म्हटलं, अरे, मला दिसतंय! त्याला कळलं नाही. तो फिरवतच राहिला.

अकरा वाजता तो पाण्याची बाटली घेऊन आला आणि त्याने बोट वर करून फिरवलं. मी उभ्या उभ्या आख्खी बाटली प्यालो. मग रिमोट त्याच्या हातात दिला आणि सगळ्या शेडसमोरून चालत लघवीला गेलो.